आबांची संकष्टी

मोठ्यांना उलट बोलू नये, हे मला सांगायचं असेल तर आधी टांझानियातली गोष्ट ऐका. फाटलेल्या ओठांच्या मुलांची ऑपरेशनं करायला आपल्या कोल्हापुरातून डॉक्टर गेले होते. मी स्वयंसेवक आणि माझे चुलते, आबा, डॉक्टरांना नेणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष. शेवटच्या दिवशी नेमकी संकष्टी आली. उपास सोडायला चंद्र तिथला धरायचा की कोल्हापूरचा, एवढाच आबांना सकाळपासून घोर.

भूल द्यायची म्हणून मुलांना उपाशी ठेवलं होतं. पहिला नंबर चार वर्षांच्या नीमाचा. तेवढ्यात आबा बिस्किटांचे पुडे आणि फोटोग्राफर घेऊन हजर. मी दारातच आडवी आले.

"आबा, आत्ता पोटात काही गेलं तर ऑपरेशन रद्द. आणि उद्या आपण परत निघणार."

"एका बिस्किटानं काय हुतंय गं? पोरं भुकेली हाईत की. सरक, फोटो काढू दे."

नीमानं हातसुद्धा पुढे केला होता. मी आबांच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं आणि त्यांच्याच तोंडापुढे धरलं.

"आधी तुम्ही खा."

"अगं, संकष्टी हाय माझी!"

"एका बिस्किटानं काय हुतंय?"

मागे आमचे डॉक्टर खो-खो हसले. आबांनी पुडे पिशवीत कोंबले. दुपारपर्यंत नीमाचा ओठ शिवून झाला.

आबा अजून पेठेत सांगत फिरतात, "पोरगी लई उलट बोलती."

व्हय, बोलते. आधी नीमाचा ओठ बघा, मग मला गप्प करा.