हितला माणूस

मनीष पौडच्या स्टँडवर पुण्याकडच्या गाडीची वाट बघत होता. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आणि तिला गाडीत बसवून द्यायला आलेला तिचा भाचा बोलत होते.

"कैलास, त्या परदेशी संस्थेनं तुला रजा दिली का न्हाई?"

"न्हाई आत्या."

"का रं? दरड कोसळली तवा महिनाभर माती उपसत व्हतास की."

"माज्यासंगं दोन गोरे सायेब व्हते. त्यांला पंधरा दिवस समुद्रावर धाडलं, मन हलकं व्हावं म्हणून. नियमच हाय तसा."

"आन तुला?"

"मी पडलो हितला. हितला माणूस रोज घरीच जातो, त्याला कशाला रजा, म्हणाले."

"मंग बायकोशी बोलावं. मन हलकं व्हतं."

"तिचाच भाऊ काढला न्हवं मी मातीतनं. तिला काय सांगू, कसा घावला ते?"

"मंग गावात कुणाशी तरी बोल की."

"आन गावात कुणाशी बोलू? ज्येच्या त्येच्या घरचं कुणी ना कुणी गेलंय."

आत्याच्या भरे गावची गाडी लागली. आत्याला बसवून कैलास परत त्याच बाकावर येऊन टेकला. तेवढ्यात मनीषची गाडीही आली. तो पिशवी उचलून उठला.

"सायेब, तुमी हितलेच का?"

"नाही, मी परभणीचा. इथं कंपनीत आहे."

"हितं वळखीचं कुणी?"

"कुणीच नाही."

"मंग बसता का जरा?"

मनीषनं पिशवी खाली ठेवली.