खंदकातली कचेरी

...न्हाई न्हाई, तुमी हसताय, पण मला एक सांगा, माणसानं बसायचं कुटं? साधा सवाल हाय! देहूरोडच्या फौजेच्या डेपोत मी, हौशीराम, क्लार्क झालो म्हणून आमच्या झुंबरबाईनं सगळ्या सुदुंबरे गावात गूळ वाटला. तिला वाटलं, नवरा आता खुर्चीवर बसणार, डोक्यावर पंखा फिरणार... अवो कसली खुर्ची आन् कसला पंखा! पत्र्याची लांबडी शेड, चार टेबलं आन् अकरा माणसं! माझ्या वाट्याला अर्धं टेबल, उरलेल्या अर्ध्यावर माझ्यासारखाच क्लार्क युनूस, आन् त्या टेबलाचा चौथा पाय म्हणजे माझा गुडघा. गुडघा काढला की दौत युनूसच्या मांडीवर. वर एप्रिलचं ऊन. तुमाला सांगतो, पत्र्याखाली भाकरी ठेवली तर परत भाजून निघंल.

आन् काम काय? तंबूच्या खुंट्या! बेचाळीस साल हाय, लढाई पेटलीय, जपाननं रंगून घेतलं म्हणत्यात. तर फौजेला तंबू लागत्यात, तंबूला खुंट्या लागत्यात, आन् त्या खुंट्या आल्या किती, गेल्या किती, हे सांगायला हौशीराम लागतो. आता मी बेरीज करतोय... चोवीसशे छप्पन, चोवीसशे ऐंशी... "हौशीराम, टाचणी आहे का?" न्हाई! चोवीसशे किती झालं? गेलं! परत पयल्यापासनं. छप्पन, ऐंशी... "हौशीराम, खिडकी लाव, धूळ येतीय." लावली. "हौशीराम, खिडकी उघड, जीव चाललाय." उघडली. मी क्लार्क हाय का खिडकीचा कडी-कोयंडा?

बरं, जेवणाची सुट्टी अर्धा तास, तर तीबी जाग्यावरच. हेडक्लार्क खासनीसांचा हुकूम. खासनीस म्हणजे पुण्याचं माणूस, वाईट न्हाई, पण बोलणार सगळं नाकातनं. "हौशीराम, माणूस जागेवर दिसला पाहिजे. काम होवो न होवो, दिसला पाहिजे!" आन् हे बोलताना हातात कायम रबर. का? तर आमी पडलो टेंपरवारी. कायम माणसाचं नाव मस्टरवर शाईनं, आन् टेंपरवारीचं पेन्सिलीनं. मस्टर उघडलं, रबर फिरवलं, फुंकर मारली... हौशीराम उडाला! सहा महिनं मी त्या रबराकडं बघत भाकरी खाल्लीय. घास गिळतो का असा?

म्हणून जागा हुडकायला लागलो. वही काखंत, भाकरीचं फडकं हातात. बाभळीखाली गेलतो, तर ढुंगणाला काटा. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो, तर सार्जंटानं हाकललं. ठेसनावरच्या बाकड्यावर गेलतो, तर गावचा रखमाजी भेटला. "काय हौशीराम, साहेबाला सांगून आमच्या पोराला चिकटव की!" अरे बाबा, मीच अजून चिकटलो न्हाई! शेवटी चाँदबी मावशीच्या चहाच्या दुकानात बसलो. तिचा ल्योक मिसर देशात फौजेत गेलाय. तिनं वही बघितली, आन् "बेटा, त्याला येवढ्या दोन वळी लिव की." लिवल्या. दुसऱ्या दिवशी चार बाया कागद घेऊन बसलेल्या. आता ज्यांची पोरं लढाईत, त्यांला न्हाई कसं म्हणायचं? लिवली समद्यांची. पण खुंट्या ऱ्हायल्या ना! माणसानं बसायचं कुटं?

आन् मग युनूसनं दावला खंदक.

वरनं बाँब पडलं तर लपायला म्हणून शेडीच्या मागं खणून ठेवलेला. पुरुषभर खोल, लाल मुरमाचा, आन् आत काय गारवा म्हणता! वर ढणढण ऊन आन् खाली माठात बसल्यागत. बाँब काय पडला न्हाई, त्यामुळं तिकडं कुत्रं फिरकत न्हवतं. मी आन् युनूसनं तळाला पाणी शिंपडलं, गोणपाट अंथरलं, एक मडकं ठेवलं. पयल्याच दिवशी, तुमाला खोटं वाटंल, तीन दिसांची बेरीज मी अर्ध्या तासात उरकली! टाचणी न्हाई, खिडकी न्हाई, खासनीस न्हाई. युनूस म्हणला, "हौशीरामभाऊ, ही खरी कचेरी." आमी वर जाऊन जाग्यावर बसायचो ते निसतं दिसायला.

पण दिसण्यातच घोटाळा झाला. परवा सकाळी खासनीस टेबलापाशी आलं. "हौशीराम, चार दिवस दुपारी तुम्ही दोघं दिसत नाही. आज दिसला नाहीत, तर..." पुढं निसतं रबर दावलं. आन् तीन वाजता खुंट्यांचा मेळ डेपोच्या गोऱ्या मेजरसाहेबाच्या टेबलावर पायजे! आता करावं काय? जाग्यावर बसलो तर मेळ बसंना, मेळ बसवायचा तर जाग्यावर बसता येईना. युनूस म्हणला, "पाव घंटा जाऊ. वही पुरी करू, परत येऊ." गेलो. वही पुरी झाली बी. जीव असा हलका झाला, म्हणलं, दोन घास खाऊ. खाल्लं. म्हणलं, जरा पाठ टेकू...

टेकली की हो!

कानात लांबनं शिट्टी आली. ऊं ऊं ऊं... मला वाटलं लोणावळ्याकडं चाललेली मालगाडी. कूस बदलली. शिट्टी काय थांबंना! डोळं उघडलं तर वर, खंदकाच्या काठावर, दोन तांबडं बूट. बुटाच्या वर पाय, पायाच्या वर खाकी चड्डी, आन् पार वर मेजरसाहेबाचं तोंड. हातात घड्याळ! मी अनवाणी, टोपी मडक्यावर, मिशीला पिठलं. झोपंतच मेलो असतो तर बरं, असं झालं बघा. रबर फिरलंच माझ्यावर!

साहेब वरडला, "टुम डोनों कब आया?"

युनूस पाक खरा माणूस, त्यात घाबरलेला. म्हणला, "साब... सबसे पैले!"

साहेबानं घड्याळ बघितलं, आमाला बघितलं. "पानी लाया?" मडकं दावलं. "खाना?" फडकं दावलं. "किटाब?" आयला, वही बी व्हती! साहेबाचं तोंड असं फुललं म्हणता! मंडळी, ती मालगाडी न्हवती, भोंगा व्हता भोंगा! साहेबानं कुणाला न सांगता बाँबची रंगीत तालीम लावलेली. पाणी घ्या, खाणं घ्या, दप्तर वाचवा, आन् खंदकात जा. भोंग्याचा दम संपायच्या आत माणसं खंदकात दोनच, हौशीराम आन् युनूस!

मग बाकीची कुटं? शेडीत! खासनीसांनी भोंगा वाजल्यावर दारात मस्टर धरलं. "गडबड करू नका! बाहेर जाण्याची वेळ लिहा, सही करा, मग पळा!" आता बाँब काय सहीसाठी थांबतोय? अकराव्या मिनिटाला खासनीस मस्टर छातीशी धरून, काष्टा सुटलेला, धापा टाकत आलं, आन् आमाला बघून वरडलं, "साहेब, हेच ते! हे कधीच जागेवर नसतात!"

साहेब म्हणला, "येही इनका जागा है! टुमारा आफिस सब मर गया, ये डो जिंडा है! इनको पक्का करो!"

तुमाला सांगतो, रडू आलं, हसू आलं, मी युनूसला मिठी मारली, त्याची टोपी पिठल्यात पडली. सहा महिन्यांनी छातीवरचा धोंडा उतरला. पण पक्का करायचा तर लिवणार कोण? खासनीस! रात्रभर झुंबरबाई म्हणत व्हती, "तुमी त्यांच्या पाया पडा." म्हणलं, पडीन.

काल दुपारी मी खंदकात. वरनं खासनीस उतरलं. एकलं. मस्टर संगट. मी उठून हात जोडलं. त्यांनी गोणपाटावर मांडी घातली, खिशातनं शाईचं पेन काढलं, मस्टर गुडघ्यावर ठेवलं, आन् माझं नाव लिवलं. शाईनं! मग युनूसचं. फुंकर मारली... पण या फुंकरीनं वाळलं, उडालं न्हाई. मी म्हणलं, "साहेब, लय उपकार." तर खासनीसांनी बूट काढलं. आन् आयुष्यात पयल्यांदा नाकातनं न बोलता म्हणालं, "हौशीराम, अकरा वर्षं मी त्या जागेवर दिसतोय. जरा सरका."

सरकलो. काय करणार? पडल्या पडल्या झोप! आन् घोरणं असं, की मुरूम गळतोय भिंतीचा. युनूस कडंला उभा, मी मडक्याला टेकून उकिडवा. आज बी तेच. कायम झालो, देवाची कृपा, झुंबरबाईनं परत गूळ वाटला... पण माणसानं बसायचं कुटं? म्हणलं, रीतसर तक्रार करावी. युनूस म्हणला, कर की. पण तक्रार द्यायची असती हेडक्लार्काकडं... आन् खासनीसांची झोप मोडायची कुणी?