वाद्याला पाय लावायचा नाय

मी आरोंद्याचा. बापूस खाडीत होडी मारायचा आणि देवळात पखवाज वाजवायचा. शाळा दुसरीपर्यंत, पुढे गुरुजींनी मारलं म्हणून गेलो नाही आणि मग त्यांनी बोलवायला माणूस पाठवला तरी गेलो नाही, असा मी आधीपासूनच. तुम्ही लिहून घेताय म्हणून जरा पुस्तकातलं बोलतोय, मधेमधे आमचं येणार, ते खोडू नका.

पखवाज मात्र असा शिकलो की आमच्या गावचा भजनीबुवा, बाबी बुवा, तीस वर्षं माझ्याशिवाय भजनाला बसला नाही. तो गायचा, मी त्याच्या गळ्याकडे बघून वाजवायचो. शीर हलली की मला कळायचं, आता हा कुठे जाणार. तर कॅसेटी जाऊन सीडी आल्या त्या सुमाराला त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला ऑपरेशन करू, जीव राहील, आवाजाचं सांगत नाही. बुवा माझ्याकडे आला, म्हणाला, ऑपरेशनला जाण्याआधी एक सीडी करूया रे, आवाज तरी मागे रवाक होयो. मी म्हटलं, करूया, पखवाज माझो.

सावंतवाडीत एक स्टुडिओ होता, सुहास म्हणून गोव्यात बँडमध्ये वाजवून आलेला गृहस्थ, त्याचा. खोली एकच, आमच्या माजघराएवढी. तो म्हणाला, काका, पखवाज नको, एका खोलीत त्याचा आवाज बुवांच्या माइकमध्ये घुसतो. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट आहे, आवाज वायरीतून थेट मशीनमध्ये जातो, पखवाजसुद्धा त्यात भरलेला आहे. कानात ठेक्याची टकटक लावून मी आज वाजवून ठेवतो, बुवा उद्या त्यावर गातील. मी म्हटलं, बुवा खंय, कुठच्या जागेर श्वास घेता, म्हायत आसा तुका? तो म्हणाला, नाही. मग मी म्हटलं, माका शिकव.

काय सांगू तुम्हाला, काळ्या रबराच्या थाळ्या, नळ्यांवर बसवलेल्या. मारलं तर खोलीत नुसतं टप् आणि हेडफोनात खणखणीत धा. त्याने काठ्या दिल्या, मी परत दिल्या. मग खाली एक पेडल दाखवलं, जड आवाजाचा धुम् पायाने वाजवायचा म्हणाला, तेव्हा मी उठलोच. वाद्याला चुकून पाय लागला तर आम्ही हात जोडतो आणि हा मुद्दाम लाथ मार म्हणतो. तो म्हणाला, अहो काका, मशीन आहे ते. मी म्हटलं, मशीन तुझां, पाय माझो. शेवटी त्याने धुम् डाव्या हाताच्या थाळीवर आणला, बोटांनी वाजेल इतकी थाळी नाजूक करून दिली, आणि चार दिवस एसटीने जाऊन मी तिथे बसलो. तळहात घासून पखवाज घुमतो तसा हा घुमत नाही, खोटं कशाला सांगू, पण बोल निघाले, सगळे निघाले.

पाचव्या दिवशी बुवा आला. आधी नुसता ठेका घेतो म्हणून सुहास त्याला बाहेर बसवायला लागला, मी म्हटलं, तो माझ्यासमोर बसणार. सुहास सवयीने म्हणाला, काठीची टपटप माइकमध्ये येते. मी म्हटलं, काठी खंय आसा? त्याने आमच्या दोघांच्या कानाला हेडफोन लावले आणि ऐकून बघितलं. बोटांचा आवाज माइकात जवळजवळ नाहीच. परत ऐकलं, आणि कानातली ती ठेक्याची टकटकही बंद करून टाकली. बुवा हसला, म्हणाला, रे, तुझो हट्ट पयल्यांदा कामाक इलो.

शेवटच्या गजरात बुवा वरच्या सुरात गेला आणि तिथे गळा अडला. शीर दिसली मला. मी हात उचलून धरला, खाली टेकवलाच नाही. बुवाने आवंढा गिळला, सूर परत आला, आणि समेवर आम्ही दोघं एकदम पडलो. सुहास म्हणाला, पुन्हा घेऊया का? बुवाने मान हलवली, नको.

ऑपरेशन झालं. बुवा आहे, देवाची कृपा, नुसता कुजबुजतो. सप्त्याला देवळात ती सीडी लावतात, लोक म्हणतात पखवाज काय वाजलाय, मी सांगतो रबर होता तो, हात माझे. तुमच्याही घरी चांगलं ऐकायला मिळो. ती अडलेली जागा आली की बुवा गर्दीतून माझ्याकडे बघतो, आणि मी हात उचलून धरतो.