पोटात तिरपी रेघ

त्या दिवशी चारकोपला असं ऊन होतं, की मसाल्याच्या कारखान्याचा पत्रा तडतडत होता. तिथं माल तपासणाऱ्या आमच्या फेलिक्सला मोतीबिंदू, ऑपरेशनला महिना बाकी. खोक्यांवरची लेबलं दिसत नाहीत हे शेठला कळलं असतं, तर त्याची नोकरीच गेली असती. माझं काम फक्त खोकी उचलायचं, आणि शाळेचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही.

"काय लिहिलंय रे?" त्यानं हळूच विचारलं.

"मला कुठं वाचता येतं? पहिल्या अक्षराच्या पोटात तिरपी रेघ आहे बघ."

"मग तो ब. बडीशेप!"

महिनाभर मी त्याला एकेका अक्षराचा चेहरा सांगत राहिलो. नोकरी टिकली.

परवा बिल्डिंगखाली फळ्यासमोर उभा राहून मी वाचलं, "उद्या पाणी बंद."

शेजारच्या कदमवहिनी थबकल्या. "अगंबाई काका, तुम्ही तर अंगठेबहाद्दर ना?"