डेलमरचं जुनं गिरमिट

डेलमर: ते नको, सिग्ने. त्याच्या वरचं. दुकानातलं सगळ्यात महागाचं.

सिग्ने: हे बॅटरीवरचं गिरमिट, काका. बटण दाबलं की दीड फूट बर्फ दहा सेकंदांत आरपार. पण किंमत बघितलीत का? एवढ्यात माझी पहिली गाडी आली होती.

डेलमर: तुझी पहिली गाडी मी पाहिलीये. ढकलायला मीच असायचो. बांध ते.

आर्डिस: बांधू नकोस गं.

सिग्ने: आता नवऱ्याचं ऐकू की बायकोचं?

आर्डिस: माझं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, हा गोठलेल्या तळ्यावर जाऊन मासे धरायला हातानेच बर्फात भोकं पाडतोय. तीन भोकं पाडतो, दोन मासे आणतो आणि वर्णन विसांचं करतो. त्याला यंत्र कशाला?

डेलमर: पाडतोय नाही, पाडत होतो. सिग्ने, ऑगस्टमध्ये मला झटका आला. उजवी बाजू गेली. व्यायाम शिकवायला येणारी पोरगी म्हणाली, रबरी चेंडू दाबा, हात परत येईल. दाबला. चार महिने दाबला. कॉफीचा मग उचलला, शर्टाची बटणं लावली. म्हटलं, आला हात. नाताळ झाल्यावर गेलो तळ्यावर. वीस मिनिटं गिरमिट फिरवतोय, फिरवतोय, आणि बर्फावर काय? बशीएवढा गुळगुळीत डाग. बस्स.

सिग्ने: वीस मिनिटं?

डेलमर: बर्फावरच शेजारी मासे धरायची झोपडी टाकलेला हाल्वर बघत होता. मदतीला आला नाही, हे त्याचे उपकार.

आर्डिस: तेव्हापासून तो चेंडू ड्रॉवरमध्ये पडलाय.

डेलमर: मेलेल्या हाताला कसला व्यायाम? म्हणून म्हणतो, भारीतलं दे. हात नाही तर बॅटरी.

सिग्ने: मला विकायला काय जातंय! पण खरं ऐकायचं असेल तर ऐका. महागाचं कुणी घ्यावं? जो दिवसभर पर्च माशांच्या मागे धावतो आणि चाळीस-चाळीस भोकं पाडतो, त्याने. वजनाला हलकं, बॅटरी थंडीत दम सोडत नाही. त्याचे पैसे एका हंगामात वसूल. तीन भोकं पाडून खुर्चीत बसणाऱ्याला काय करायचंय ते? त्यातली अर्धी किंमत तर नावाची असते. शेवटी बर्फ कापतं ते पातं.

डेलमर: आणि पातं फिरवतो तो हात. तिथेच तर घोडं अडलंय.

आर्डिस: जुनं गिरमिट गाडीत आहे. हे बघ, आणलंच मी आत.

डेलमर: ते कशाला आणलंस? सकाळीच सांगितलं होतं ना, भंगारात टाक म्हणून.

आर्डिस: बदल्यात चार पैसे कमी करेल ती. सिग्ने, नीट बघ.

सिग्ने: अगंबाई, हे तर आमच्या बाबांनी विकलेलं! दांड्यावर अजून त्यांची चिठ्ठी चिकटलीये. याला मी... थांबा. काका, ही पाती कुणी बसवली?

डेलमर: कुणी म्हणजे? मीच. दर मार्चमध्ये नवी बसवतो, तेल लावतो, टांगून ठेवतो.

सिग्ने: दोन्ही उलटी आहेत.

डेलमर: काय?

सिग्ने: बोट फिरवून बघा. धार वर, पाठ खाली. वीस मिनिटं काय, ईस्टरपर्यंत फिरवलं असतंत तरी बर्फ नुसता चकाकला असता. मी धडधाकट बाई, पण याने मलाही भोक पडलं नसतं.

डेलमर: म्हणजे माझा हात...

सिग्ने: हाताचं मला माहीत नाही. मी पात्यांचं सांगतेय. द्या इकडे, चार तर स्क्रू आहेत. हे एक... आणि हे दुसरं. झालं. आता मागच्या दाराने जा. धक्क्यापासून दहा पावलांवर सतरा इंच बर्फ आहे, सकाळीच मोजलाय. बघा फिरवून.

डेलमर: आत्ता?

सिग्ने: नाही, जूनमध्ये!

(डेलमर गिरमिट घेऊन मागच्या दाराने तळ्यावर जातो. दोघी खिडकीशी उभ्या.)

आर्डिस: टोपी घाल! गेला तसाच.

सिग्ने: काकू.

आर्डिस: हं.

सिग्ने: स्क्रू फार नीट आवळले होते. चुकून उलटं लावणाऱ्याचा एखादा तरी वाकडा जातो.

आर्डिस: शिवणयंत्राच्या पेचकसाने केलं. दोन तास लागले.

सिग्ने: मला वाटलंच.

आर्डिस: म्हटलं, एकदा प्रयत्न करेल, चिडेल आणि यंदा मुकाट्याने घरी बसेल. पण घरी बसणं म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक होतं? तीन आठवडे खिडकीकडे पाठ करून बसलाय. सांगितलं तर दाढी करतो. सूप डाव्या हाताने पितो, सिग्ने. उजवा बरा असताना!

सिग्ने: मग सांगून टाकायचं ना.

आर्डिस: ओठांपर्यंत यायचं आणि मी विचारायचे, कॉफी हवी का. म्हणून तर ते गाडीत टाकलं. तुझ्या नजरेतून सुटणार नाही, एवढी खात्री होती.

सिग्ने: बघा, वाकले. फिरवतायत.

आर्डिस: हळू रे, हळू. हात बदलला का त्याने?

सिग्ने: नाही, उजवाच वर आहे. थांबले.

आर्डिस: दम लागला असेल. मी जाऊ का?

सिग्ने: थांबा ना. पुन्हा लागले. पुन्हा थांबले. बर्फाचा भुगा बघा किती निघालाय... पाणी! काकू, पाणी आलं वर!

आर्डिस: दिसतंय गं. देवा, दिसतंय मला.

सिग्ने: बूट भिजले त्यांचे, तरी हलत नाहीयेत.

आर्डिस: भिजू देत.

(डेलमर गिरमिट घेऊन परत आत येतो.)

डेलमर: आरपार! चारदा थांबलो, पण आरपार! आणि सतरा नाही, अठरा इंच आहे, पोरी, मोजायला शिक. आर्डिस, हात दुखतोय! इथे, खांद्यापासून खालपर्यंत. मेलेला हात कधी दुखतो का?

आर्डिस: नाही दुखत.

डेलमर: ते यंत्र ठेव कपाटात, सिग्ने. फक्त एक कळत नाही. मार्चमध्ये ती पाती मी उलटी कशी लावली? तीस वर्षं डोळे मिटून लावतोय. म्हणजे झटक्याच्या आधीपासूनच डोक्यात काहीतरी बिघडत होतं. हात वाचला, पण डोकं... डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. आर्डिस, तेव्हा तुला काही जाणवलं होतं का? किल्ल्या विसरणं, नावं विसरणं?

सिग्ने: मी जरा माशांची टाकी बघून येते.

आर्डिस: थांब इथेच. डेलमर, तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. पाती मी उलटी लावली. नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, तू झोपला होतास तेव्हा.

डेलमर: तू?

आर्डिस: मी.

डेलमर: वीस मिनिटं, आर्डिस. त्या हाल्वरसमोर.

आर्डिस: माहीत आहे.

डेलमर: मला वाटलं, मी संपलो. रोज सकाळी उठून तेच वाटायचं.

आर्डिस: रोज दिसत होतं मला. चुकले मी, माफ कर. पण झटका येऊन तू गॅरेजमध्ये पडलास तेव्हा मी भिंतीपलीकडे होते. रेडिओ लावून जॅम करत होते. अर्धा तास तू फरशीवर पडलेला, आणि मी गाणं गुणगुणतेय! भिंतीपलीकडचं मला कळलं नाही, तळ्यावरचं काय कळणार होतं?

डेलमर: हे कधी बोलली नाहीस.

आर्डिस: तू तेव्हा नव्याने बोलायला शिकत होतास. तुला माझं काय सांगत बसू?

डेलमर: मी जाणार, आर्डिस. आत्ताच सांगून ठेवतो. शनिवारीच जाणार.

आर्डिस: जा. एकटा जाऊ नकोस, एवढंच.

डेलमर: बरोबर कोण येणार? हाल्वर तोंड उघडतो तेव्हा मासे पलीकडच्या काठाला जातात.

आर्डिस: मी येते.

डेलमर: तू? चव्वेचाळीस वर्षांत एकदा तरी आलीस का?

आर्डिस: एकदा तरी बोलावलंस का?

डेलमर: थंडीला शिव्या देतेस, म्हणून नाही बोलावलं.

आर्डिस: त्या मी घरात बसूनही देते.

सिग्ने: देतात, मी ऐकल्यात. एकूण काय, आज माझं महागाचं काही खपत नाही.

डेलमर: बर्फावर घालायचे बायकांचे बूट आहेत का तुझ्याकडे?

सिग्ने: दोन प्रकारचे आहेत. साधे तास-दोन तास ऊब धरतात. दुसरे आतून लोकरीचे, दिवसभर बसलात तरी बोटं गार पडत नाहीत. पण किंमत...

आर्डिस: मला साधे चालतील.

डेलमर: महागाचे काढ. इथे त्यांचा उपयोग आहे.

सिग्ने: माप काय, काकू?

डेलमर: साडेसात. डावा पाय जरा लहान आहे तिचा, त्यात एक मोजा जास्त लागतो.