न उच्चारलेल्या नावाची पाटी

नाव : जिपारगुल असानबेकोव्हा. वय ४४ वर्षे. धंदा : कुरुत तयार करून विकणे. राहणार : कोचकोर, बाजारामागची गल्ली.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर सासूबाई व धाकटे दीर एर्मेक यांच्यासोबत राहते. माझे पती हयात नाहीत. दही फडक्यात टांगून, मीठ घालून, त्याच्या गोळ्या वळून मी उन्हात वाळवते. त्याचे कुरुत होते. हे काम मला सासूबाईंनी शिकवले. गोळीवर बोटांचे ठसे दिसले पाहिजेत, गुळगुळीत गोळी यंत्राची, असे त्या म्हणतात.

दुकान काढले तेव्हा पाटीवर त्यांचे नाव घातले. आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव तोंडाने घेत नाही. मीही लग्नापासून घेतलेले नाही. म्हणून पाटी रंगवणाऱ्याला त्यांचे पेन्शनचे कार्ड दाखवले आणि यावरचे पहिले नाव लिही म्हटले. सासूबाईंना विचारले नव्हते. मान द्यायला परवानगी लागते असे मला वाटले नाही.

गेल्या वसंतात राजधानीतल्या एका दुकानाने माल मागितला. नावाची सरकारी नोंदणी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. मी एर्मेकच्या गाडीतून नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी नाव विचारले. मी कागदावर लिहून दिले. अक्षर लागत नाही, तोंडाने सांगा, असे त्या म्हणाल्या. मी तोच कागद पुन्हा पुढे सरकवला. रांगेतला एकजण म्हणाला, "नाव ठाऊक नाही आणि निघाल्या दुकान काढायला." लोक हसले. एर्मेकने पुढे होऊन नाव सांगितले. पुढचे प्रश्न बाईंनी त्यालाच विचारले. अर्जदार म्हणून त्याचेच नाव लागले. ज्यांचे नाव आहे त्या हयात आहेत, तर त्यांची लेखी संमती आणा, असेही बाईंनी बजावले.

बाहेर आल्यावर मी अर्जाचा विषय काढला. तो म्हणाला, "वहिनी, अर्ज तुमचा काय, माझा काय, चूल एकच ना? संमतीचं मी बघतो. तुम्ही दही बघा."

मी दही बघितले.

प्रमाणपत्र आल्यावर एर्मेक दूधभुकटीचा, यंत्रावर केलेला माल आणून त्याच नावाच्या पिशव्यांत भरू लागला. राजधानीतले दुकान आता त्याच्याकडून घेते. गेल्या आठवड्यात त्याने मला वकिलाची नोटीस दिली. हे नाव वापरायचा अधिकार मला नाही, पाटी उतरवावी, असे त्यात आहे. नोटीस त्याने जेवताना अंथरलेल्या दस्तरखानावर, पावाशेजारी ठेवली.

संमतीवर सही केली ती कशासाठी हे माहीत होते का, असे मी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "होतं. वाचून दाखवलं त्यानं."

मी म्हटले, धंदा मी उभा केला. मी तेव्हा चहा ओतत होते. त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "त्यानं येऊन विचारलं. तू कधी विचारलंस? इतकी वर्षं माझं नाव तोंडात घेतलं नाहीस, आणि आता म्हणतेस, ते तुझं."

"तुमचा मान म्हणून घेतलं नाही, आई."

"मग ठेव की मान. पाटी उतरव."

मी वाटी भरून दिली.

आज सकाळी पाटी मी स्वतः उतरवली. इथल्या साहेबांचे म्हणणे असे की, नोंदणी कायदेशीर आहे, यात गुन्हा होत नाही. दिवाणी कोर्टात दाद मागता येईल, पण सासूबाईंना साक्षीला बोलवावे लागेल. त्यांना कोर्टात उभे करायचे नाही. दुकानाला स्वतःचे नाव द्या, असेही साहेबांनी सुचवले. बाजारात मला सासूबाईंची सून म्हणून ओळखतात. माझे नाव कोणाला माहीत असेल असे वाटत नाही.

माझे म्हणणे नोंदवून ठेवावे, एवढीच विनंती आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरवला आहे. सासूबाईंचे नाव त्यात नाही. साहेबांनी ते पुन्हा पुन्हा विचारले, मी सांगितलेले नाही. बाकी सर्व बरोबर आहे.