एक की दोन

(दुपारची शांत खोली, कोपऱ्यात घरचा पियानो. थर्मामीटर बारीक आवाजात वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो.)

आई : बाबा, काढा आता काखेतून.

आजोबा : वाजू तर दे.

छकुली : आजोबा, दोनदा वाजला की.

आजोबा : असं? सर्दीनं कान बसलेत गं.

आई : सर्दी परवाची आहे, बाबा.

आजोबा : म्हणजे काय म्हणायचंय तुला?

आई : काही नाही. अंगात कणकण आहे अजून. उद्या सभागृहाचा पियानो मी सुरात लावते, तुम्ही पडून राहा.

आजोबा : तू लावणार, की तुझ्या फोनमधलं ते काटेवालं डबडं?

आई : आम्ही दोघं मिळून.

आजोबा : काटा मधोमध आला की भाजी तोलून होते, सूर नाही. तीस वर्षं त्या पियानोला माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही.

आई : लागलाय. माझा. वर्ष झालं. तुम्ही सही करायला ऑफिसात गेलात की वरच्या सुरांच्या दहा-बारा खुंट्या मी पुन्हा पिळते. डबडं समोर ठेवून.

आजोबा : किती उतरलेल्या असायच्या?

आई : आधी केसभर.

आजोबा : आणि आता?

आई : आता कुणाच्याही कानाला खुपेल इतक्या.

आजोबा : लोक माझी पाठ थोपटायचे, आणि तू शेजारी उभी राहून हसायचीस.

आई : हसत नव्हते हो. जीव मुठीत धरून उभी असायचे.

आजोबा : खिडकीत चिमण्या येतात ना, नुसत्या चोची उघडतात हल्ली. म्हटलं, चिमण्यांचं असू दे. पियानोचं वेगळं, तिथं मनगटाला ऐकू येतं.

आई : बाबा...

आजोबा : छकुले, ये इकडे. बस पियानोपाशी. ही शेवटची, सगळ्यात बारीक आवाजाची पट्टी. हिच्या तीन तारा. एकीत रबराची पाचर घातली, उरल्या किती?

छकुली : दोन.

आजोबा : शाब्बास. त्या जुळल्या तर एकच आवाज येतो. नाही जुळल्या तर दोन, एकमेकांशी भांडल्यासारखे. थांब हं, लावतो... झालं. एक असेल तर उद्या मी जाणार. दोन असतील तर खुंट्या पिळायची ही चावी तुझ्या आईची, कायमची.

आई : लहान आहे ती. तिच्यावर नका टाकू हे.

आजोबा : लहान आहे म्हणूनच. तू वर्षभर लपवलंस, तिला जमायचं नाही. वाजव गं पट्टी.

छकुली : वाजवली. परत वाजवू?

आजोबा : वाजव. हं, सांग.

छकुली : आई, आधी तुझ्या कानात सांगते. वाक ना.

आजोबा : काय कुजबुजताय दोघी?

छकुली : दोन येतायत. पण आजोबांनी चावी बघ कशी घट्ट धरलीय. किती सांगू?